मानसोपचारांच्या नोंदी : मृत्यूनंतरचा हक्क

मानसिक आजारावर उपचार घेतलेली व्यक्ती वारल्यावर तिचे केसपेपर, औषधांचे तक्ते, डॉक्टरांची टिपणे आणि डिस्चार्ज कार्ड नातेवाइकांना मागता येतात का, हा प्रश्न वैद्यकीय नीती आणि कायदा या दोन्हींच्या कक्षेत येतो. मागणीमागे बरेचदा आत्महत्येनंतरचा ‘असं का झालं?’ हा प्रश्न असतो. कधी उपचारांत हलगर्जी झाल्याची शंका असते, कधी मृत्युपत्र करताना माणूस भानावर होता का, असा वाद. आणि कधी शोध असतो तो घरात जिचे नावही काढले जात नसे, अशा मनोरुग्णालयातच वारलेल्या पणजीचा.

रुग्ण गेला म्हणून डॉक्टरांचे तोंड मोकळे होत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात रुग्णाची गुपिते जपण्याची शपथ होती; ‘रुग्णाच्या मृत्यूनंतरही’ हे शब्द तिला १९६८ साली जोडले गेले.

कायदा नात्यापेक्षा अधिकार पाहतो. अमेरिकेत ‘हिपा’ या आरोग्यविषयक गोपनीयतेच्या कायद्याच्या नियमांखाली आरोग्यविषयक माहितीला मृत्यूनंतर ५० वर्षे संरक्षण आहे. या काळात मृताच्या जागी त्याच्या मालमत्तेचा कायदेशीर व्यवस्थापक उभा राहतो. केवळ सख्खी बहीण असणे त्यासाठी पुरत नाही. समुपदेशकाने मुख्य फाइलीपासून वेगळी ठेवलेली टिपणे मागण्याचा हक्क खुद्द रुग्णालाही नसतो, त्यामुळे तो व्यवस्थापकाकडेही येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० चा आरोग्यनोंदींचा कायदा असा व्यवस्थापक आणि मृत्यूमुळे दावा करू शकणारी व्यक्ती या दोघांनाच दार उघडतो. दावेदाराला दाव्यापुरतीच पाने मिळतात. ‘माझ्यामागे हे कुणाला दाखवू नका’ अशी नोंद रुग्णाने करून ठेवली असेल, तर तीही पाळावी लागते.

खरी गुंतागुंत फाइलीच्या आत असते. मानसोपचारांचा केसपेपर बरेचदा रुग्णाच्या शब्दांनी सुरूच होत नाही. वरच ‘माहिती देणार : पत्नी’ असे लिहिलेले असते आणि खाली तिने सांगितलेली हकिकत. मुलगी वडिलांचे कागद मागते, तेव्हा आईने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेलेही मागत असते, आणि आई हयात असू शकते. म्हणून त्रयस्थाने दिलेला मजकूर झाकून प्रत देण्याची पद्धत आहे. ती रास्त आहे. पण नेमक्या त्याच ओळींत उत्तर असेल, तर हाती आलेली प्रत निम्मी मुकी असते.

नातेवाइकांच्या संमतीनेही प्रश्न मिटतोच असे नाही. कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन यांनी १९७४ साली आत्महत्या केली. त्यांच्या उपचारसत्रांच्या ध्वनिफिती मनोविकारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांनी चरित्रकाराला दिल्या. सेक्स्टन यांच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या त्यांच्या मुलीची त्याला संमती होती. तरीही १९९१ मध्ये चरित्र आले तेव्हा मनोविकारतज्ज्ञांमध्ये वादळ उठले.

उलट टोकाला अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचे मनोरुग्णालय. तिथे २००४ साली एका कोठीत सुमारे ३,५०० तांब्याचे डबे समोर आले. त्यांत दहनानंतर कुणी न नेलेली राख होती, बहुतेक रुग्णांचीच. गोपनीयतेमुळे त्यांची नावेही उघड करता येत नव्हती. ती प्रसिद्ध करता यावीत म्हणून राज्याला कायदा बदलावा लागला. तोवर डब्यांवर निळे-हिरवे कीट चढले होते, आणि ओळख म्हणून उरला होता क्रमांक.