खालच्या बाजूच्या ढलप्या आणि एक छोटीशी चकती

स्क्रोल सॉवर (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याच्या, नक्षीकामाच्या करवतीवर) देव्हाऱ्याची जाळी किंवा नावाची पाटी कापली, की वरून काम सुरेख दिसतं. फळी उलटली की मात्र चिरेच्या दोन्ही कडांना तूस आणि ढलप्या! मग दोष पात्याला दिला जातो, नाहीतर लाकडाला. लाकूड कोणत्या तिथीला तोडलं इथपर्यंत चर्चा जाते. तिथीचा इथे काही संबंध नाही, आणि नवं पातं घालूनही बहुतेकदा फारसा फरक पडत नाही. खरं कारण फळीच्या खाली असतं. टेबलात पात्यासाठी जे भोक ठेवलेलं असतं (अनेकदा ते टेबलाच्या खोबणीत बसवलेल्या सुट्या चकतीत असतं), ते पात्याच्या मानाने प्रचंड मोठं असतं.

५ नंबरचं पातं जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड आणि सुमारे १ मिलिमीटर रुंद असतं. टेबलातलं भोक १० मिलिमीटरचं धरा. म्हणजे पात्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ ५-५ मिलिमीटर लाकूड अधांतरी राहतं.

आता दात वरून खाली येताना काय होतं ते पाहू. वरच्या थरातल्या तंतूंना खालच्या थरांचा आधार असतो. त्यामुळे ते वाकू शकत नाहीत, तुटतात. दात खाली सरकतो तसा उरलेला थर पातळ होत जातो. एका टोकाला धरलेल्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी झाली की तेवढ्याच बलाने ती आठपट वाकते. शेवटचा थर उरतो तेव्हा दातापुढे तो तुटण्याऐवजी नुसता खाली झुकतो. लाकडाची ताण सोसायची ताकद तंतूंच्या दिशेने भरपूर असते, पण तंतूंना एकमेकांपासून सोलून काढायला तिच्या दहाव्या हिश्श्याइतकंही बल लागत नाही. म्हणून झुकलेला थर रेघेच्या बाजूने सोलला जातो. हीच ती ढलपी. प्लायचं बाहेरचं व्हीनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतं, त्यामुळे तिथे हा प्रकार सर्वात वाईट दिसतो.

जाडी आपल्या हातात नाही, पण अधांतरी लांबी आहे. वाकणं या लांबीच्याही घनावर अवलंबून असतं: विक्षेप = ४ × बल × लांबी³ ÷ (स्थितिस्थापकता × रुंदी × जाडी³). लांबी ५ मिलिमीटरवरून ०.५ वर आणली, तर वाकणं कागदावर हजारपट कमी होतं. प्रत्यक्षात इतक्या आखूड लांबीला हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, कारण तिथे वाकण्यापेक्षा कर्तन, म्हणजे कात्रीसारखं कापलं जाणं, प्रबळ ठरतं. पण आपल्याला हवंय तेही कर्तनच! म्हणून मोठ्या भोकाच्या चकतीऐवजी फक्त पात्यापुरती चीर असलेली चकती बसवायची. पात्याला चिकटून आधार देणारी ही चकती म्हणजे झीरो क्लिअरन्स इन्सर्ट.

ती ३ मिलिमीटर ॲक्रिलिक किंवा बेकेलाइट शीटची करावी. प्लायही चालतं, पण पावसाळ्यात फुगून खोबणीत अडकतं. पोलाद नको, दात बोथट होतात. मूळ चकती काढून तिचा व्यास आणि खोबणीची खोली व्हर्नियरने मोजा. पेन्सिलीने गिरवलं तर रेघेच्या जाडीएवढी चूक येते. चकती अर्धा मिलिमीटर मोठी कापून पॉलिश पेपरने घासत बसवा. टेबलावर पोलादी पट्टी उभी धरून पातळी तपासा. चकती वर राहिली तर काम तिला अडकतं, फार खाली गेली तर आधारच नाहीसा होतो. खाली असेल तर खोबणीच्या ओठावर सेलोटेपचे थर चढवा.

चीर पाडताना दोन अडचणी येतात. चकती लहान, त्यामुळे बोटं पात्याजवळ जातात. आणि मधोमध आली की ती खोबणीत कलंडते. म्हणून डबल टेपने ती मोठ्या पातळ प्लायवर चिकटवा आणि दोन्ही एकत्र कापा. खोबणीच्या पुढच्या कडेपासून दातांपर्यंतचं अंतर आधी मोजून चकतीवर खूण करा. मागच्या कडेपासून आत, खुणेपर्यंतच जा. वेग कमी ठेवा. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि घाई केली तर कापलेली चीर मागे पुन्हा चिकटते. वरून रुंद पॅकिंग टेप लावली की हा त्रास कमी होतो. बेकेलाइट कापताना मास्क हवाच.

मग प्लग काढा, पातं सोडवा, चकती प्लायवरून सुटी करा. चीर पात्याच्या मागे येईल अशी ती बसवा आणि पातं पुन्हा ताणा. बऱ्याच यंत्रांत पातं वर-खाली होताना किंचित पुढे-मागेही सरकतं. शेवटची केसभर जागा ते स्वतःच करून घेतं.

‘शून्य’ हा शब्द जाहिरातीतला आहे. फट असतेच, आणि असायलाच हवी. चकती पात्याला वळण लावत नाही. पातं तिच्यावर घासलं तर तापतं. टेबल ३ अंश कललं, तर ३ मिलिमीटर जाडीत पातं ०.१६ मिलिमीटर बाजूला सरकतं. चिरेतली मोकळी जागा जेमतेम ०.१ असते. म्हणून प्रत्येक कोनासाठी वेगळी चकती लागते. टोकांना आडवी पिन असलेल्या पात्यांना मात्र हा उपाय तितका साधत नाही, कारण पिन जायला मोठं भोक ठेवावंच लागतं.

भुसा आता खाली पडत नाही, त्यामुळे यंत्राची भुसा उडवणारी हवेची फुंकणी नीट चालू हवी.

खोबण नसलेल्या टेबलावर जुनं एटीएम कार्ड टेपने चिकटवूनही भागतं, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. उलट दाते असलेलं (खालच्या टोकाचे काही दाते वर तोंड केलेलं) पातं वापरत असाल तर यंत्र सर्वात वरच्या स्थितीत आणून मोजा: दोन-तीन उलटे दाते कार्डाच्या वर आलेच पाहिजेत. नाही आले, तर पातं थोडं वर सरकवून पकडा.