आर्गन, सीओटू की साधं आर्क? वेल्डिंगचं काम देण्यापूर्वी

काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "आर्गनने कराल ना? मजबूत पाहिजे." प्रश्नामागची काळजी रास्त आहे, पण मजबुतीचा आणि आर्गनचा थेट संबंध नाही. आर्गन हा वायू कशाला काही जोडत नाही. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तो वरून पांघरूण घालतो, एवढंच त्याचं काम. जोड टिकतो तो दोन्ही बाजूंचा धातू खोलवर वितळून एक झाला म्हणून, आणि भरलेला धातू मूळ धातूला जुळणारा होता म्हणून. हे साध्या रॉडनेही होतं आणि महागड्या मशीननेही बिघडतं.

त्यामुळे आम्ही उलट प्रश्न विचारतो. धातू कोणता? जाडी किती? काम जागेवर करायचंय की वस्तू वर्कशॉपमध्ये येईल? आणि जोडावर काय येणार आहे: नुसतं वजन, सतत हादरे, पाण्याचा दाब की उष्णता? या उत्तरांवरून पद्धत ठरते. ती कशी ठरते ते तुम्हालाही माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

साधं आर्क वेल्डिंग

होल्डर आणि रॉडचं हे वेल्डिंग जुनं म्हणून कमी प्रतीचं, असा समज आहे. आम्हाला तो मान्य नाही. रॉडवरचं आवरण जळून वायू तयार होतो, तो वितळलेल्या धातूचं रक्षण करतो, आणि उरलेलं स्लॅग, म्हणजे कडक खपली, होऊन वर बसतं. सिलिंडर लागत नाही, वाऱ्याचा फारसा त्रास होत नाही, केबल पोचेल तिथे काम होतं. उंचावरचं ट्रस, जागेवर बसवायचं गेट, शेतातल्या अवजाराची मोडलेली फाळ, अशा ठिकाणी आम्ही स्वतःहून हीच पद्धत सुचवतो.

मजबुतीचं म्हणाल तर रॉडच्या नंबरातच ती लिहिलेली असते. ६०१३ मधले पहिले दोन आकडे सांगतात की भरलेला धातू दर चौरस इंचाला किमान ६० हजार पौंडांचा ताण सोसतो, म्हणजे सुमारे ४१५ मेगापास्कल. ७०१८ मध्ये तोच आकडा ७० हजार पौंड, सुमारे ४८५ मेगापास्कल. बांधकामात वापरलं जाणारं साधं लोखंड ४०० मेगापास्कलच्या आसपास असतं. नीट केलेला जोड मूळ लोखंडाला भारी पडतो तो यामुळे.

६०१३ हाताळायला सोपा, गेट, ग्रिल, फ्रेमसाठी उत्तम. जाड प्लेट, जास्त कार्बनचं स्टील किंवा हादऱ्याचं काम असेल तर आम्ही ७०१८ घेतो. त्याची एक अट आहे: रॉड पूर्ण कोरडा हवा. आवरणातली ओल आर्कमध्ये, म्हणजे विजेच्या सलग ठिणगीत, फुटून हायड्रोजन तयार होतो, तो गरम धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतून तडा पाडतो. हा तडा लगेच दिसत नाही. कधीकधी एक-दोन दिवसांनी उघडा पडतो. म्हणून उघडलेलं पाकीट आम्ही ओव्हनमध्ये १२० ते १५० अंश सेल्सिअसवर ठेवतो. तुमचं काम महत्त्वाचं असेल तर कुठल्याही वर्कशॉपमध्ये रॉडचा ओव्हन आहे का, हे जरूर विचारा.

उणिवा आहेतच. वेग कमी, दर थराला स्लॅग झोडून काढावं लागतं, ते आत राहिलं तर जोड पोकळ होतो. आणि २ मिमीच्या आतल्या पत्र्याला रॉड भोक पाडतो.

सीओटू, म्हणजे मिग

यात रॉडऐवजी रिळावरची तार गनमधून सतत येत राहते आणि सोबत गॅस सुटतो. १९४८ च्या सुमारास ही पद्धत आली तेव्हा आर्गन-हेलियमसारखे महाग वायू लागत. १९५० च्या दशकात स्वस्त सीओटू वापरता येतो हे ध्यानात आलं आणि ती लोखंडकामात पसरली. पत्र्याला ०.८ मिमी तार, जाड कामाला १.२ मिमी. शुद्ध सीओटू खोल जातो पण छर्रे उडवतो. आर्गनमध्ये साधारण २० टक्के सीओटू मिसळला की बीड, म्हणजे वेल्डची उमटलेली ओळ, गुळगुळीत येतो आणि साफसफाई वाचते. एकसारखे पन्नास-शंभर नग करायचे असतील तर या पद्धतीला तोड नाही. उघड्यावर मात्र वाऱ्याची झुळूकही गॅस उडवून लावते आणि बीडमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

याच पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्या हातून घडली आहे. सुरुवातीच्या काळात १० मिमी प्लेटचा एक ब्रॅकेट आम्ही मिगने जोडून दिला. बीड इतका देखणा होता की ग्राहकाने बोट फिरवून कौतुक केलं. काही महिन्यांनी तोच ब्रॅकेट दोन तुकड्यांत परत आला. तुटलेली बाजू उजेडात धरली तर प्लेटच्या कडेवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. म्हणजे कड वितळलीच नव्हती. वरचा धातू नुसता चिकटून बसला होता. करंट कमी ठेवला की मिगमध्ये हे होतं: तार वितळते, बीड छान पडतो आणि खालची जाड प्लेट थंडच राहते. रॉडने अशी चूक केली तर बीड खडबडीत होऊन चुगली करतो. मिगचा बीड काही सांगत नाही.

तो ब्रॅकेट आम्ही पुन्हा केला: कडा घासून साठ अंशांचा व्ही काढला, मुळाशी २ मिमी फट ठेवली, पहिला थर ७०१८ ने आणि वरचे मिगने भरले. तेव्हापासून जाड कामाआधी त्याच जाडीच्या तुकड्यावर जोड करून तो घणाने मोडून पाहतो. आतली बाजू सलग, करकरीत दिसली तरच पुढचं काम. तुम्ही समोर असाल तर तो तुकडा तुम्हाला दाखवतो.

आर्गन, म्हणजे टिग

टंगस्टनची सुई आर्क धरते आणि स्वतः वितळत नाही, कारण टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत तग धरतं. भरायची काडी दुसऱ्या हाताने, थेंबाथेंबाने द्यायची. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांच्या मॅग्नेशियमच्या भागांसाठी ही पद्धत पुढे आली आणि आजही तिची खरी जागा तीच: पातळ, नाजूक, चकचकीत आणि गळती न चालणारी कामं. छर्रे नाहीत, स्लॅग नाही, उष्णता कारागिराच्या ताब्यात. पण ती सगळ्यात संथ आहे, आणि मजुरीत ते दिसणारच. जाड लोखंडी फ्रेमला आर्गन मागणाऱ्यांना आम्ही समजावून सांगतो की जास्तीचे पैसे देऊन ताकद वाढणार नाही.

ॲल्युमिनियमला मात्र टिगचंच काम. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या वर. आत पाणी झालेलं असतं आणि वर कातडी तशीच. म्हणून एसी करंट लावतात. त्याच्या एका फेरीत ही कातडी फुटते, दुसऱ्या फेरीत उष्णता आत जाते. काचेतून पाहताना आधी राखट, सुरकुतलेला डाग दिसतो आणि मग एकदम आरशासारखा लखलखीत थेंब उघडतो. तो उघडेपर्यंत काडी घालायची नाही, ही शिस्त आहे. तेलकट किंवा रंगवलेलं ॲल्युमिनियम आधी साफ करण्यात वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

स्टेनलेसचं म्हणणं वेगळं. तिथे जोड तुटण्याची भीती कमी, गंजण्याची जास्त. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ३०८एल काडी, ३१६ ला ३१६एल, स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं तर ३०९एल. जोडाशेजारी फिकट सोनेरी छटा आली तर काम जमलं. निळा रंग सावध करतो. काळपट राखाडी म्हणजे पृष्ठभागाजवळचं क्रोमियम जळून गेलं आणि तिथे गंज धरणार. पाइपच्या आतून आर्गन सोडला नाही तर आतला जोड जळक्या साखरेसारखा खडबडीत होतो. दूध-पाण्याच्या लाइनमध्ये तिथेच घाण साचते. स्टेनलेससाठी ब्रश आणि ग्राइंडिंगची चाकं आम्ही वेगळी ठेवतो, कारण लोखंडाचा कण अडकला की नव्या कोऱ्या रेलिंगवर तांबूस ठिपके उमटतात.

बाकीच्या पद्धती

बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं काम कोणी "होऊन जाईल" म्हणून घेतलं तर जपा. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो; एका ठिकाणी झपाट्याने तापलं की शेजारी तडा जातो. आम्ही निकेलच्या रॉडने इंचाएवढे छोटे टाके मारतो, प्रत्येक टाका हलक्या हातोडीने ठोकतो आणि वस्तू हळूहळू थंड होऊ देतो. काही वेळा ब्रेझिंग बरं: पितळेची काडी गॅसच्या ज्योतीने वितळवून सांध्यात खेळवायची, मूळ कास्ट आयर्न वितळवायचंच नाही. तेल पिऊन जुनं झालेलं कास्ट आयर्न काही केल्या धरत नाही. तसं असेल तर आम्ही काम परत करतो.

स्पॉट वेल्डिंग पातळ पत्र्यांच्या डब्यांना आणि पॅनेलना; सेकंदाच्या आत टाका बसतो, पण पत्रा दोन्ही बाजूंनी धरता आला पाहिजे. हाताच्या लेझरने पत्रा जवळजवळ वाकत नाही, मात्र दोन कडांमध्ये फट अजिबात चालत नाही, आणि तो किरण डोळ्यांना दिसत नाही. खास चष्मा आणि बंदिस्त जागेशिवाय कोणाला तो चालवू देऊ नका.

जीआय पाइप आणि "जाड मारा" बद्दल

जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळण्याच्या खूप आधी. पांढरा धूर निघतो, जोडात भोकं राहतात आणि तो धूर छातीत गेलेल्याला त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो. म्हणून जोडाजवळचं जस्त घासून काढणं आणि नंतर जस्ताचा रंग लावणं, हे आमच्या कामात धरलेलंच असतं.

"वेल्ड जाड मारा" असंही सांगितलं जातं. काटकोनी जोडात बीडची बाजू ६ मिमी असेल तर ताकदीला धरायची जाडी सुमारे ४.२ मिमी. बाजू दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण धातू चौपट लागतो आणि उष्णताही त्याच मानाने वाढते. फ्रेम पिळवटते, पत्रा फुगतो, दार चौकटीत बसत नाही. पातळ बाजूच्या जाडीएवढा बीड बहुतेक कामांना पुरतो.

काम आणताना

मोडलेल्या वस्तूचे दोन्ही तुकडे आणा, आणि तुटलेली कड घासू नका. ती कशी तुटली हे तिथेच वाचता येतं. आधी कोणी वेल्ड केलं असेल तर सांगा. गाडीवरचं काम असेल तर बॅटरीची तार सुटी करून घेऊ द्या.

आणि टाकी, पिंप, ड्रम काहीही असो, त्यात पूर्वी काय भरलं होतं ते खरं खरं सांगा. डिझेल, पेट्रोल, थिनर कधीकाळी असलं तरी सांगा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ती धुऊन, वाफ देऊन, पाणी किंवा निष्क्रिय वायू भरून घेतल्याशिवाय आम्ही तिच्याजवळ ठिणगी नेत नाही. त्यासाठी एक दिवस जास्त लागला तरी कृपया घाई करू नका.