दाणे एका दिशेला वळेपर्यंत

१९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंडीत वीज बिनरोध वाहण्याचा गुण, सापडली. वर्षभरात इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड ९३ केल्विनला (सुमारे उणे १८० अंश सेल्सिअसला) अतिसंवाहक होतं हे कळलं. म्हणजे महागड्या द्रव हेलियमऐवजी ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरणार होता. आता विजेच्या तारा याच्याच, असं सगळ्यांना वाटू लागलं.

पण भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेल्या वडीतून चौरस सेंटीमीटरला काही शे अँपिअरच जात. गंमत म्हणजे चुंबकीय मापन वेगळंच सांगत होतं. चार्ल्स बीन यांच्या १९६२च्या प्रारूपानुसार चुंबकन-वक्राच्या (क्षेत्र वाढवताना-घटवताना पदार्थ किती चुंबकित होतो त्या आलेखाच्या) रुंदीवरून प्रवाहक्षमता काढता येते, आणि तो आकडा भलताच मोठा येई. चूक मापनाची नव्हती. वडी म्हणजे एकमेकांना चिकटलेले बारीक स्फटिक, म्हणजेच दाणे; प्रवाह प्रत्येक दाण्याच्या आत गरगर फिरत होता, शेजारच्या दाण्यात मात्र उतरत नव्हता. अर्थ लावताना दाण्याच्या आकाराऐवजी अख्ख्या वडीचा आकार धरला की फसगत ठरलेली.

मग लक्ष पातळ थरांकडे वळलं. १९८७ मध्येच आयबीएमच्या प्रवीण चौधरींच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या स्फटिकावर थर चढवला. खालच्या स्फटिकाची दिशा वरच्या थराने उचलली आणि ७७ केल्विनला प्रवाह चौरस सेंटीमीटरला लाख अँपिअरच्या पुढे गेला. त्याच सुमारास टी. वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी लेझरच्या झोताने थर चढवण्याची रीत बसवली. ती आजही प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे.

खरा उलगडा १९८८ साली झाला. डिमॉस, चौधरी आणि मानहार्ट यांनी मुद्दाम कोन देऊन जोडलेल्या दोन स्फटिकांवर थर वाढवले. दाण्यांमधला कोन काही अंशांनी वाढला की सीमेवरचा प्रवाह झपाट्याने कोसळतो, हे त्यांनी दाखवलं. कारण या पदार्थात इलेक्ट्रॉनच्या जोडीचा पल्ला जेमतेम एक-दोन नॅनोमीटर. एवढीशी विस्कळीत सीमाही तिला ओलांडवत नाही. त्यामुळे सगळ्या दाण्यांचा उभा अक्ष सरळ असून भागत नाही, आडवे अक्षही जुळावे लागतात.

किलोमीटरभर लांबीचा एकच स्फटिक कुठून आणणार? जपानमध्ये फुजिकुरा कंपनीच्या इजिमांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आयनांचा तिरपा झोत मारून धातूच्या पट्टीवर दिशाबद्ध अस्तर वाढवलं. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेत अमित गोयल आणि सहकाऱ्यांनी निकेलची पट्टी लाटून, तापवून तिच्यातच दाणे ओळीत बसवले. या पदार्थाच्या आजच्या अतिसंवाहक फिती मुख्यतः या दोन वाटांनी आल्या.

दाणे जुळले, तरी चुंबकीय क्षेत्रात प्रश्न उरतोच. क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने, म्हणजे भोवती प्रवाह फिरणाऱ्या बारीक धाग्यांसारखं, थरात शिरतं. हे भोवरे सरकले की रोध आलाच, म्हणून त्यांना अडकवून ठेवायला स्फटिकात दोष हवेत. पातळ थरांत ते वाढतानाच भरपूर पडतात, म्हणून एकसंध स्फटिकापेक्षा थर कितीतरी जास्त प्रवाह पेलतो. २००४ पासून तर बेरियम झिर्कोनेटचे नॅनोकण मुद्दाम मिसळले जाऊ लागले. इतक्या कष्टाने सरळ केलेल्या स्फटिकात आता मोजूनमापून खोट घातली जाते. असल्याच फितींच्या गुंडाळीने २०२१ मध्ये अमेरिकेत अणुसंमीलनाच्या भट्टीसाठीच्या चुंबकात २० टेस्ला क्षेत्र गाठलं.