पुढे काय करायचं, हे प्यादी सांगतात

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतंय : ‘ही मुलं वीस-वीस चाली पुढचं बघतात!’ शहामागून शह असेल तर लांबचं दिसतंही. पण डाव मध्यावर आलाय, मारामारी नाही, काय करावं ते सुचत नाही, अशा वेळी चाली मोजून भागत नाही. एका स्थितीत साधारण ३० चाली शक्य असतात. दोघांच्या दोन-दोन चाली धरल्या तरी आठ लाखांवर वाटा होतात.

मग योजना सुचते कुठून? १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक मास्टर, एक मध्यम खेळाडू आणि एक नवखा यांना पट फक्त ५ सेकंद दाखवला आणि आठवून मांडायला सांगितला. स्थिती खऱ्या डावातली असली की मास्टरच्या सोळाच्या आसपास सोंगट्या बरोबर यायच्या, नवख्याच्या जेमतेम चार. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या, तेव्हा मास्टरचीही तीच गत झाली. स्मरणशक्ती अफाट नव्हतीच. सोंगट्यांच्या ओळखीच्या मांडण्यांचे गठ्ठे नजरेत बसलेले होते.

या गठ्ठ्यांतला माझा सगळ्यात आवडता म्हणजे प्याद्यांचा सांगाडा. प्यादं मागे येत नाही, म्हणून तो सगळ्यांत सावकाश बदलतो आणि योजना त्याच्यावरच उभी राहते. ‘कार्ल्सबाड’ रचना घ्या. पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, डी४, ई३वर (अक्षर म्हणजे पटावरचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी रांग). काळ्याची ए७, बी७, सी६, डी५वर. वजिराच्या बाजूला, म्हणजे ए ते सी स्तंभांत, पांढऱ्याची दोन, काळ्याची तीन. कमी संख्येनं हल्ला करायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण पांढरा हत्ती बी१वर आणतो, बी४ आणि मग बी५ ढकलतो आणि सी६वर मारामारी करतो. काळ्यानं बी७च्या प्याद्यानं परत मारलं की सी६चं प्यादं एकटं मागे राहतं. शेजारी बी स्तंभावर आता त्याला आधार द्यायला प्यादं नाही, डी५चं पुढे गेलेलं, आणि समोर सी स्तंभ पांढऱ्या हत्तींना मोकळा. पुढच्या पंधरा चाली त्याच प्याद्याभोवती फिरतात. यातली एकही चाल आधी मोजावी लागली नाही.

काळ्यालाही हाच सांगाडा वाट दाखवतो. डी५च्या प्याद्याच्या आधारानं त्याचा घोडा ई४वर जाऊन बसतो आणि राजावर हल्ला सुरू होतो. पांढऱ्यानं प्यादं एफ३वर ढकलून घोड्याला हाकलावं, तर ई३चं प्यादं उघडं पडतं.