ग्राफाना टाकला, मग ग्राफ रिकामे का?

ग्राफाना, म्हणजे मशीनचे आकडे ग्राफात दाखवणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करायचा, पोर्ट ३००० उघडायचं, ॲडमिन-ॲडमिन टाकून आत शिरायचं, डॅशबोर्ड १८६० (तयार ग्राफांचं पान) इम्पोर्ट करायचा आणि सगळीकडे ‘नो डेटा’ दिसला की ग्राफाना काढून पुन्हा टाकायचा. दर दुसऱ्या मदतीच्या हाकेमागे हीच कथा असते. ग्राफाना बिघडलेला नसतो, त्याच्याकडे दाखवायलाच काही नसतं. टीव्ही भिंतीला टांगला म्हणून चॅनल लागत नाहीत.

ग्राफाना बहुतेकांच्या हातातला आहे, म्हणून त्याचं उरकून घेऊ. पॅकेजचं नाव ग्राफाना, सर्व्हिसचं मात्र ग्राफाना-सर्व्हर. डेबियन-उबुंटूवर पॅकेज टाकल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. ‘सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ ग्राफाना-सर्व्हर’ आपणच द्यावं लागतं. झालं.

आकडे गोळा करून साठवतो तो प्रोमिथियस, त्याचं काम वेगळं. दर ठरावीक सेकंदांनी तो प्रत्येक मशीनवरच्या नोड एक्स्पोर्टरला (त्या मशीनचे आकडे सांगणारा छोटा प्रोग्राम) पोर्ट ९१०० वर विचारतो, त्या क्षणाचे आकडे उचलतो आणि स्वतःच्या डिस्कवर लिहितो. एक्स्पोर्टर मागचं काही ठेवत नाही. विचारलं की लिनक्सच्या प्रॉक आणि सिस या फोल्डरांमधून वाचतो, उत्तर देतो आणि मोकळा होतो. डेबियनच्या पॅकेजमधून टाकलं तर प्रोमिथियसबरोबर नोड एक्स्पोर्टरही सहसा येतो आणि दोन्ही लगेच चालू होतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर माणसं हमखास अडखळतात. आकड्यांचा इतिहास फक्त प्रोमिथियसकडे असतो. ग्राफाना पॅनेल उघडलं की प्रोमिथियसच्या पोर्ट ९०९० वर प्रश्न पाठवतो, आलेल्या उत्तराची रेघ काढतो आणि विसरून जातो. त्याच्या ग्राफाना.डीबी या एसक्यूलाइट फाइलमध्ये डॅशबोर्ड, वापरकर्ते, डेटा सोर्सची (आकडे कुठून आणायचे त्याची) सेटिंग असतात. सीपीयूचा एकही आकडा तिथे नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ग्राफाना दोन तास बंद होता? ग्राफात काही फरक पडत नाही, चालू केला की ते दोन तासही दिसतात. प्रोमिथियस दोन तास बंद होता? तिथे कायमची फट, कारण त्या वेळी एक्स्पोर्टरला विचारायला कुणी नव्हतं आणि एक्स्पोर्टरने काही जपलेलं नाही. ही फट ग्राफानाच्या कुठल्याही सेटिंगने भरत नाही. ‘कनेक्ट नल व्हॅल्यूज’ चालू करून रेघ जोडणारे लोक असतात. तो पुरावा बुजवण्याचा प्रकार आहे.

मुदतीचंही तसंच. वर उजवीकडे ‘गेले ९० दिवस’ निवडलं आणि अर्ध्याहून जास्त ग्राफ कोरा आला, तर दोष निवडीचा नाही. काही न सांगितल्यास प्रोमिथियस १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. ‘--स्टोरेज.टीएसडीबी.रिटेन्शन.टाइम=९०डी’ हा फ्लॅग द्या (डेबियनवर ईटीसी/डिफॉल्ट/प्रोमिथियस या फाइलमधल्या आर्ग्समध्ये) आणि रीस्टार्ट करा. गेलेले दिवस परत येणार नाहीत, ९० दिवस आजपासून साठत जातील. त्याआधी डिस्कचा हिशेब करा. एका नमुन्याला, म्हणजे एकदा उचललेल्या एका आकड्याला, साधारण १ ते २ बाइट लागतात. १० मशीन, प्रत्येकी १००० सिरीज (सतत मोजले जाणारे वेगवेगळे आकडे), १५ सेकंदांचं अंतर धरलं तर सेकंदाला सुमारे ६६७ नमुने होतात. २ बाइटने दिवसाला ११५ एमबी, ९० दिवसांना १० जीबीच्या थोडं वर. डिस्क लोकलच हवी. प्रोमिथियसचा डेटा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) ठेवायला त्याचे स्वतःचे कागदपत्रच नाही म्हणतात, तरी लोक ठेवतात आणि मग करप्शनचा एरर घेऊन येतात.

बॅकअपमध्ये हा गोंधळ सगळ्यात महाग पडतो. रोज रात्री ग्राफाना.डीबीची कॉपी घेणाऱ्याला वाटतं मॉनिटरिंगचा बॅकअप झाला. डिस्क गेल्यावर डॅशबोर्ड सगळे जागच्या जागी परत येतात, मागचं मात्र काहीच नाही. प्रोमिथियसचा बॅकअप वेगळा घ्यायचा. ‘--वेब.एनेबल-ॲडमिन-एपीआय’ लावून स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) मागवायचा आणि डेटा डिरेक्टरीतल्या स्नॅपशॉट्स फोल्डरमधून तो दुसऱ्या मशीनवर न्यायचा. चालू डिरेक्टरीवर सरळ सीपी मारू नका; लिहिणं चालू असताना अर्धवट कॉपी होते.

पासवर्डचंही हेच. ग्राफानाला लॉगिन आहे म्हणून आकडे सुरक्षित, असं मुळीच नाही. आकडे ९०९० वर आहेत आणि तिथे मुळात लॉगिनच नसतं. ९०९० आणि ९१०० ही पोर्ट इंटरनेटला उघडी ठेवू नका, ॲडमिन एपीआय चालू असेल तर नाहीच नाही, कारण त्यातून डेटा पुसताही येतो.

डेटा सोर्सच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट:९०९०’ लिहून अडकणारे निराळे. ती विनंती आपल्या ब्राउझरमधून जात नाही, ग्राफाना सर्व्हर करतो. त्यामुळे लोकलहोस्ट म्हणजे ग्राफाना जिथे चालतो ते ठिकाण. दोन्ही डॉकर कंपोजमध्ये (प्रत्येक प्रोग्राम आपापल्या वेगळ्या कंटेनरमध्ये) असतील तर ते ग्राफानाचं कंटेनर, आणि त्याच्या आत प्रोमिथियस नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येणारच. पत्ता ‘प्रोमिथियस:९०९०’, म्हणजे कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव.

एक खट्याळ दोष असा, की मेमरीचे ग्राफ येतात, सीपीयूचे कोरे. प्रोमिथियसमध्ये स्क्रेप इंटरव्हल (किती वेळाने आकडे उचलायचे ते अंतर) १ मिनिट केलेलं असतं आणि ग्राफानाच्या डेटा सोर्समध्ये मात्र मूळचे १५ सेकंद तसेच. सीपीयूच्या ग्राफाला रेट, म्हणजे आकडा वाढण्याचा वेग, काढावा लागतो आणि त्यासाठी ग्राफाना रेट इंटरव्हल त्याच्या चौपट, म्हणजे १ मिनिट धरतो. तेवढ्यात नमुना एकच सापडतो आणि रेट काढायला किमान दोन लागतात. मेमरीला रेट लागत नाही म्हणून ती दिसते. डेटा सोर्समध्येही ६० सेकंद लिहा, सीपीयू लगेच उमटतो.

अलर्ट दोघांतही लावता येतात. माझं मत ठाम आहे, नियम प्रोमिथियसमध्ये आणि निरोप अलर्टमॅनेजर या त्याच्या जोडीच्या प्रोग्रामकडून. चित्र दाखवणारा बंद पडला म्हणून डिस्क भरल्याची सूचना अडकू नये.

वेळेचा फरक किरकोळ. प्रोमिथियसचं पान यूटीसी दाखवतं, ग्राफाना ब्राउझरची वेळ. एकच उसळी दोन्हीकडे साडेपाच तासांच्या अंतराने दिसली तर दोन घटना समजू नका.

आणि ‘नो डेटा’ आला की आधी ग्राफाना उघडूच नका. ९०९० वरच्या टार्गेट्स पानावर जा. तिथे मशीन ‘डाउन’ असेल तर एक्स्पोर्टर किंवा फायरवॉल बघा. ‘अप’ असेल तर तिथेच क्वेरीच्या खान्यात ‘अप’ हा मेट्रिक टाइप करा. समोर १ आला तर आकडे येत आहेत, आणि मगच डेटा सोर्सची सेटिंग उघडा.