उत्तेजनेला लागलेलं वळण

कॅनडात मॉन्ट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात जिम फाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर उंदरांना चक्क जाकिटं घातली. हे नर अननुभवी होते. त्यांचे पहिलेवहिले समागम जाकीट अंगात असतानाच झाले. नंतर काहींचं जाकीट काढून त्यांना मादीपाशी सोडलं, तेव्हा त्यांची गाडी अडखळू लागली. मादी राजी होती, नर धडधाकट होता, संप्रेरकंही ठीक होती. तरी समागमाला वेळ लागू लागला, नीट जमेना. अंगाला होणारा जाकिटाचा स्पर्श त्यांच्या उत्तेजनेचाच भाग होऊन बसला होता. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरंच. पण पॉर्न भरपूर पाहणाऱ्याला जोडीदारासोबत उत्तेजना का येत नाही, या प्रश्नाकडे पाहायची एक चांगली दिशा हे उंदीर दाखवतात. एरवी ही चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते की पॉर्नने मेंदू सडतो, दुसरी म्हणते की काहीही होत नाही. दोन्ही बाजू तास मोजत बसतात. उपलब्ध संशोधन वाचल्यावर मला वाटतं, तासांपेक्षा वळण महत्त्वाचं आहे. म्हणजे शरीर नेमक्या कोणत्या परिस्थितीत उत्तेजित व्हायला शिकलंय, ते.

आधी शरीराचं पाहू. लिंगाला ताठरता येण्यासाठी कण्याच्या तळाकडच्या भागातून निघणाऱ्या परानुकंपी, म्हणजे शरीर निवांत असताना काम करणाऱ्या, मज्जातंतूंचा संदेश लागतो. त्यामुळे लिंगातल्या ऊतींत नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात आणि रक्त भरतं. भीती वाटली, ताण आला की शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जोर धरते, तेच स्नायू आवळले जातात आणि सगळं उलट फिरतं. स्त्रियांमध्येही जननेंद्रियांकडचा रक्तप्रवाह वाढण्यामागची यंत्रणा बरीचशी अशीच आहे. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या किन्से इन्स्टिट्यूटचे जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी उत्तेजनेचं जे प्रारूप मांडलं, त्यात मेंदूत दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. एक अ‍ॅक्सिलरेटरसारखी, दुसरी ब्रेकसारखी. कोणाचा अ‍ॅक्सिलरेटर हलका असतो, कोणाचा ब्रेक कडक. हे प्रारूप लक्षात ठेवावं, कारण पॉर्नच्या चर्चेत सगळ्यांचं लक्ष अ‍ॅक्सिलरेटरवर असतं आणि बहुतेकांची गोची ब्रेकपाशी होते.

स्क्रीनसमोर एकट्या बसलेल्या माणसाचा ब्रेक जवळजवळ सुटलेलाच असतो. त्याला कोणी पाहत नाही. कोणाला खूश करायचं नाही, कोणी नाराज होणार नाही, गर्भधारणेची काळजी नाही. कंटाळा आला की पुढची क्लिप. वेग, दाब, क्षण, सगळं स्वतःच्या हातात. जोडीदारासोबत यातलं जवळपास काहीच नसतं. समोरच्या माणसाची स्वतःची इच्छा असते, लय असते, थकवा असतो. तो आपल्याकडे पाहत असतो. आणि तो दररोज तोच असतो.

या ‘तोच असण्या’वर प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. एकच कामुक चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली, तर पुरुषांच्या लिंगाचा मोजलेला प्रतिसाद हळूहळू उतरत जातो. नवी चित्रफीत लावली की तो पुन्हा चढतो. कूकूनास आणि ओव्हर यांनी १९९३ साली हे व्यवस्थित मोजून दाखवलं. प्राण्यांमध्ये याला कूलिज परिणाम म्हणतात. थकलेल्या नरापुढे नवी मादी आणली की त्याचा उत्साह परततो. हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज आणि कोंबड्यांच्या एका चावट किश्श्यावरून पडलंय. किस्सा खरा असेल असं मात्र समजू नये. मुद्दा असा की नावीन्याची ओढ पॉर्नने निर्माण केलेली नाही. ती आधीपासूनच होती. पॉर्नने तिला तळ नसलेला पुरवठा दिला. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटलेले पुरुष नव्या लैंगिक चित्रांना इतरांपेक्षा जास्त पसंती देतात, आणि तीच चित्रं पुन्हा दाखवली तर त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद लवकर मंदावतो.

हाताचीही एक गोष्ट आहे, तिच्याविषयी कमी बोललं जातं. काही पुरुषांना हस्तमैथुनात घट्ट पकड, ठरावीक वेग आणि ठरावीक पद्धतीची सवय लागते. योनीचा किंवा जोडीदाराच्या हाताचा स्पर्श तसा नसतो, त्यामुळे वीर्यस्खलनाला फार वेळ लागतो किंवा ते होतच नाही. लैंगिक समस्यांवर काम करणारे मायकेल पेरेलमन यांनी या सवयीकडे अनेकदा लक्ष वेधलं आहे. इथे दोष पॉर्नचा किती आणि पकडीचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. दोन्ही एकत्रच चाललेलं असतं.

आता डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचं पाहू. पॉर्नमुळे डोपामाइन ‘संपतं’ असं सांगणारे व्हिडिओ पोत्याने सापडतात. डोपामाइन अशा पद्धतीने काम करत नाही. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी सुखापेक्षा सुखाच्या अंदाजाला जास्त प्रतिसाद देतात. बक्षीस अपेक्षेपेक्षा चांगलं मिळालं तर त्या उसळतात, ठरल्याप्रमाणे मिळालं तर गप्प राहतात. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूतल्या वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलं. पॉर्नच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो. पोलंडच्या मातेउश गोला यांनी २०१७ मध्ये पॉर्न पाहण्यावर ताबा राहिला नाही म्हणून उपचार मागणाऱ्या पुरुषांचे मेंदू तपासले. कामुक चित्र येणार आहे असं सुचवणारी खूण दिसताच त्यांच्या मेंदूचा बक्षिसाशी निगडित भाग इतरांपेक्षा जास्त पेटला. प्रत्यक्ष चित्र दिसल्यावर मात्र फरक नव्हता. ओढ वाढलेली, सुख तेवढंच. रात्री दोन वाजता तिसाव्या टॅबवर बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

बर्लिनमधल्या ६४ पुरुषांवरचा २०१४ चा अभ्यासही वारंवार उद्धृत होतो. आठवड्याला जास्त तास पॉर्न पाहणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या कॉडेट या भागाचं आकारमान थोडं कमी आढळलं. पण तो एकाच वेळी घेतलेला आढावा होता. पाहिल्यामुळे भाग लहान झाला, की तो लहान असलेली माणसं जास्त पाहतात, हे त्यातून ठरत नाही. ‘पॉर्नने मेंदू आक्रसतो’ या मथळ्यामागे बहुधा हाच अभ्यास असतो.

मग जोडीदारासोबतच्या ताठरतेचं काय? इथे आकडे एकमेकांशी भांडतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑनलाइन पाहणीत १८ ते ३५ वयाचे ३,४१९ पुरुष होते; त्यांतल्या नजीकच्या काळात समागमाचा प्रयत्न केलेल्या २,०६७ जणांपैकी सुमारे २१ टक्क्यांना कमीअधिक ताठरतेची अडचण होती, आणि पॉर्नच्या आहारी जाण्याच्या प्रश्नावलीत जास्त गुण मिळवणाऱ्यांत ती जास्त आढळली. त्याआधी २०१५ मध्ये निकोल प्राउझ आणि जिम फाउस (हो, जाकीटवालेच) यांनी २८० पुरुषांची माहिती तपासली होती. त्यांना पाहण्याचे तास आणि ताठरतेच्या तक्रारी यांत संबंध दिसला नाही. उलट जास्त पाहणाऱ्यांनी प्रयोगशाळेत चित्रफीत पाहताना अधिक उत्तेजना नोंदवली. या शेवटच्या निष्कर्षाने मी फारसा निश्चिंत होत नाही. उत्तेजना मोजली ती स्क्रीनसमोर, म्हणजे जाकीट अंगात असतानाच.

या भांडणातून मार्ग दाखवणारा अभ्यास जोशुआ ग्रब्ज आणि गोला यांचा, २०१९ चा. नुसतं पाहण्याचा ताठरतेशी पक्का संबंध मिळाला नाही. ‘माझं पाहणं ही समस्या आहे’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मात्र संबंध दिसला. ग्रब्ज यांचं दुसरं बरंच काम असं सांगतं की आपण करतो ते पाप आहे असं मानणारे लोक कमी पाहत असूनही स्वतःला व्यसनी समजतात. शरम हीसुद्धा ब्रेकच आहे. एकदा जमलं नाही, इंटरनेटवर कारण शोधलं, पॉर्न सापडलं, आणि पुढच्या वेळी तो माणूस जोडीदाराकडे कमी आणि स्वतःच्या लिंगाकडे जास्त लक्ष ठेवून असतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांच्या जोडीने १९७० मध्येच या प्रेक्षकासारख्या बघत राहण्याला समस्येचं मोठं कारण म्हटलं होतं. तेव्हा इंटरनेटही नव्हतं.

जुने निष्कर्ष टिकतातच असंही नाही. नग्न मॉडेलची चित्रं पाहिल्यावर पुरुषांना आपल्या जोडीदाराविषयी कमी प्रेम वाटतं, असं १९८९ च्या एका प्रयोगाने सांगितलं होतं. २०१७ मध्ये तो प्रयोग मोठ्या गटांवर पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. त्याच वर्षी ५० अभ्यास एकत्र करून पाहिले, तर पॉर्न पाहणाऱ्या पुरुषांमध्ये लैंगिक आणि नात्यातलं समाधान थोडं कमी आढळलं, स्त्रियांमध्ये तसं नव्हतं. नात्यात असमाधानी असलेला माणूस पॉर्नकडे वळतो, ही शक्यता मात्र खुलीच राहते.

अडचण आलीच, तर आधी डॉक्टरकडे जावं, कारण ताठरतेची तक्रार ही मधुमेहाची, रक्तवाहिन्यांच्या आजाराची किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांची खूण असू शकते. पहाटे किंवा हस्तमैथुनाच्या वेळी ताठरता नीट येत असेल, तर रक्तवाहिन्या आणि नसा बहुतेक शाबूत आहेत. तरुण वयात फक्त जोडीदारासोबतच अडत असेल, तर वळणाचा आणि धास्तीचा विचार करायला जागा आहे. पॉर्न काही काळ थांबवून पाहणं हा बिनखर्चाचा प्रयोग आहे. फक्त ‘९० दिवस थांबा’ या इंटरनेटवरच्या सल्ल्यातल्या आकड्यामागे कुठलीही प्रयोगशाळा नाही. पकड सैल करणं, कल्पनेवर आणि स्पर्शावर पुन्हा लक्ष आणणं, जोडीदारासोबत काही आठवडे समागमाचं उद्दिष्टच बाजूला ठेवून नुसता स्पर्श करणं (हीदेखील मास्टर्स आणि जॉन्सन यांची पद्धत), हे लैंगिक उपचारतज्ज्ञ सुचवतात. जोडीदाराला काय चाललंय ते सांगणंही त्यातच आलं, कारण न सांगितल्यास तो बहुतेक वेळा दोष स्वतःच्या शरीराला देतो.

पाहणं आवरतच नसेल, तर तो वेगळा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ आहे. त्याची गणना व्यसनांत नव्हे, तर आवेग-नियंत्रणाच्या विकारांत केली आहे. त्यासाठी साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो आणि त्यामुळे आयुष्यात ठोस त्रास किंवा नुकसान व्हावं लागतं. केवळ नैतिक अपराधीपणातून होणारा त्रास त्यासाठी पुरेसा नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे.