धोरणनिर्मितीतील क्राउडसोर्सिंग

कायदा, नियम किंवा योजना ठरवताना शासकीय यंत्रणेने सर्वांना खुले आवाहन करून माहिती, कल्पना व मते मिळवण्याची पद्धत. तयार मसुद्यावर हरकती व सूचना मागवण्याची प्रथा जुनी आहे. येथे मात्र मसुद्याआधीच, मुळात अडचण काय आहे इथपासून विचारणा होऊ शकते, आणि पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

यंत्रणा या वाटेला जातात याचे पहिले कारण म्हणजे लागणारी माहिती कार्यालयात नसते. फिनलंडच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१३ मध्ये रस्त्याबाहेरील वाहतुकीच्या कायद्यासाठी हा प्रयोग केला. बर्फावर स्नोमोबाइल चालवणारे, ज्यांच्या जमिनीवरून ती जाते ते मालक आणि आवाजाने त्रासलेले रहिवासी अशा सर्वांना आधी अडचणी, मग उपाय मांडायला सांगितले. कायदा बदलण्याचा आधीचा प्रयत्न वादात बारगळला होता. म्हणजे माहितीइतकीच कोंडी फोडण्याचीही गरज होती.

दुसरे कारण विश्वासाचे. पक्षनिधीच्या गैरव्यवहारावरून लोक संतापल्यावर एस्टोनियात २०१३ मध्ये ‘राहवाकोगू’ ही नागरिकांची सभा भरवली गेली. तिच्यातून निघालेले १५ प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांनी संसदेपुढे ठेवले. तैवानमध्ये २०१४ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर ‘व्हीतैवान’ हे लोकचर्चेचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. २०१५ मध्ये उबरच्या नियमनावर तेथे चर्चा झाली, तेव्हा वापरलेल्या ‘पोल.इस’ (Pol.is) या मते नोंदवण्याच्या ऑनलाइन प्रणालीत दुसऱ्याच्या विधानाशी सहमत वा असहमत होता येत असे, त्याला उत्तर देण्याची सोय नव्हती. त्यामुळे भांडणापेक्षा सहमती कुठे आहे ते दिसले.

काही वेळा कारण निव्वळ वरिष्ठांचा आदेश असते. अमेरिकेत अध्यक्ष ओबामा यांनी २१ जानेवारी २००९ रोजी खुल्या शासनाचे निवेदन काढले. त्याच वर्षी डिसेंबरमधील निर्देशाने प्रत्येक खात्याला लोकसहभागाचा आराखडा सक्तीचा केला. आदेशाने संकेतस्थळ उभे राहते. आलेले वाचून त्यावर काम करणारा अधिकारी नसेल, तर लोकांचा वेळ वाया जातो.

यंत्रणा कचरतात त्यालाही आधार आहे. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाकडे २०१७ मध्ये इंटरनेट-समानतेवर, म्हणजे सेवा-कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक देण्याच्या नियमावर, सुमारे २.२ कोटी अभिप्राय आले. त्यांतले जवळपास १.८ कोटी बनावट असल्याचे न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत आढळले. आइसलंडमध्ये लोकांच्या सूचना घेऊन लिहिलेल्या संविधान-मसुद्याला २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी पाठिंबा दिला, पण संसदेने तो मंजूर केला नाही.